सदस्या काही बोलत नाहीत

दिल्लीतला निवृत्त मराठी माणूस साधारण दोन प्रकारचा असतो. पहिला पुण्यात फ्लॅट घेऊन परत जातो आणि तिथे ऊठसूट 'आमच्या दिल्लीत' म्हणून पुणेकरांना पिडतो. दुसरा इथेच राहतो आणि 'आमच्या अकोल्यात' म्हणून आम्हाला पिडतो. आमच्या नोएडाच्या सोसायटीतले बाराव्या मजल्यावरचे काका अकोल्याचेच, पण ते या दोन्हींत बसत नसत, कारण ते काही म्हणतच नसत. गणपतीच्या आरतीला ओठ हलायचे, तेवढेच. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात कार्यक्रम असला की शेवटच्या रांगेत बसायचे. पाहुण्यांचं भाषण रंगलं की यांची तर्जनी गुडघ्यावर काहीतरी गिरवत राहायची. नव्या माणसाला वाटायचं, काकांना कंपवात आहे. ते शॉर्टहँड होतं.

काका लोकसभेत रिपोर्टर होते. पेपरातले नव्हेत, सभागृहात बोललेला शब्दन् शब्द उतरवून घेणारे. बलराम जाखड अध्यक्ष असताना लागले आणि सुमित्राताई महाजनांच्या काळात निवृत्त झाले. मिनिटाला १६० शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस. सभागृहाच्या मधोमध टेबल, पाच मिनिटांची पाळी, ती संपली की दुसरा रिपोर्टर बसायचा आणि पहिला जाऊन आपली पाच मिनिटं टाइप करायचा. अशी पाच-पाच मिनिटं करत जवळजवळ सगळी उमर गेली. खासदार पुढे येऊन टेबलाभोवती घसा फोडताहेत, कागद भिरकावताहेत, आणि छापील कामकाजात त्या सगळ्या रणकंदनाचा एकच कंस होतो: (व्यवधान). नियम ३८० खाली अध्यक्षांनी एखादा शब्द वगळायला सांगितला की तो झाला नाहीसा. देशातल्या निवडक शिव्या अशा प्रकारे फक्त रिपोर्टरांच्या पोटात शिल्लक आहेत, असं माझं मत आहे. काका त्यावर फक्त हसायचे.

मनी आली ती जानेवारीत. नोएडाच्या थंडीत रस्त्यावरची मांजरं गाडीच्या बॉनेटखाली इंजिनाच्या उबेला शिरतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये वॉचमनने गाडी निघायच्या आधी बॉनेटवर थाप मारली आणि आतून ही बाहेर आली, तीही आवाज न करता. तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी सेक्टरभरच्या मांजरांना खायला घालते. तिने हिचं ऑपरेशन करून आणलं होतं. खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेलं. बरी होईपर्यंत घर हवं होतं. ती मजलोमजली फिरली. बाराव्यावर म्हणाली, "अंकल, ये बिलकुल चुप रहती है." काका म्हणाले, "मग जमते."

नाव काय ठेवायचं यावर घरात दोन मतं होती. काका काहीतरी संसदीय सुचवणार, हे ओळखून काकूंनी आधीच 'मनी' म्हणायला सुरुवात केली.

पहिला आठवडा दोघांनी एकमेकांकडे बघण्यात घालवला. मग काकांची अडचण सुरू झाली. ज्याचे कान जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे लावलेले, त्याच्यासमोर एक तोंड आहे आणि त्यातून काही येत नाही. दूध तापतंय, मनी ओट्याखाली बसून वर बघतेय. कुठलंही मांजर अशा वेळी घर डोक्यावर घेतं. ही नाही. फार तर तोंड उघडायची, दात दिसायचे, आवाज शून्य. काका म्हणाले, "माईक बंद आहे."

मग त्यांनी वही काढली. वरच्या बाजूला स्प्रिंगची, जुनी सरकारी. ती मला एकदा बघायला मिळाली. समासात दर पाच मिनिटांनी वेळ टाकलेली: ६.१०, ६.१५, ६.२०. पुढे पिटमनच्या रेघा. पिटमनमध्ये 'प' बारीक रेघेचा, 'ब'ची रेघ तीच पण दाबून काढलेली, त्यामुळे पेन्सिलीला टोक काढताना काका फार चोखंदळ. मला त्या रेघांतलं ओ की ठो कळेना, म्हणून त्यांनी वाचून दाखवलं: "सदस्या खिडकीत उपस्थित. कबुतर येते. सदस्या काही बोलत नाहीत. कबुतर जाते." पंचाईत अशी, की संसदेच्या कामकाजात गोंधळाला कंस आहे, हशाला आहे, पण शांततेसाठी काकांना एकच वाक्य पाठ होतं. कुणाच्या निधनानंतर श्रद्धांजली झाली की छापतात ते: 'यानंतर सदस्य थोडा वेळ मौन पाळून उभे राहिले.' ते त्यांनी एका सकाळी मनीसाठी वापरलं. काकूंनी वही हिसकावली. "जित्या जिवाबद्दल असलं लिहू नका हो, शोभत नाही."

शेवटी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून घसा पाहिला, मागे उभं राहून किल्ल्या वाजवल्या. कापलेला कान बरोबर मागे फिरला, बहिरी नव्हती. डोळे-नाक वाहणारा मांजरांचा ताप असतो, त्यात आवाज बसतो, तोही नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं ते काका अजून जसंच्या तसं म्हणून दाखवतात. मोठी मांजरं आपसात सहसा म्याव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारायला ओरडतं, आणि पाळलेलं मांजर माणसाला कामाला लावायला. रस्त्यावर वाढलेल्याला माणसाकडून काही मिळायची सवय नसते. वर तोंड उघडलं की कुत्रं येतं. म्हणून काही जणी गप्प राहतात. काही पुढे बोलतात, काही कधीच नाही. त्यात काळजीचं काही नाही; मात्र बोलकं मांजर अचानक गप्प झालं तर ताबडतोब आणा. काका घरी येऊन म्हणाले, "म्हणजे ही विरोधात नाही. तटस्थ आहे."

इथून काका बोलू लागले.

आधी प्रश्न. "काहून बाप्पा, आज जेवायचं नाही का?" तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावं लागतं, अतारांकितला लेखी चालतं, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मनीने उत्तर पटलावर ठेवलं. पटल म्हणजे जेवणाचं टेबल आणि उत्तर म्हणजे अर्धी पाल. काकू अजून त्या टेबलाच्या त्या बाजूला बसत नाहीत.

मग मतं. इतकी वर्षं समोर बसून ऐकलेल्या भाषणांवर या माणसाचं एकेक मत तयार होतं आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. कुठलं अर्थसंकल्पाचं भाषण पोकळ होतं, कोण मुद्दा सोडून शेर म्हणायचा, कुणाचं वाक्य कर्त्याने सुरू व्हायचं आणि क्रियापदाला कधीच पोचायचं नाही. हे सगळं सोफ्यावर बसून मनीला. ती डोळे हळूच मिटायची आणि उघडायची. मांजराकडे बघून आपण सावकाश डोळे मिचकावले तर तेही मिचकावतं, असं ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळलं होतं. ते वाचल्यापासून काकाही भाषणात मधेच डोळे मिटतात. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, बोलताबोलता झोप लागली. काकू मला जिन्यात म्हणाल्या, "अरे, मला इतकी वर्षं वाटायचं यांना मतंच नाहीत. तेच बरं होतं."

पूर्ण शाकाहारी काका आता चित्तरंजन पार्कच्या बाजारात जाऊन मासे आणतात. "मांजरासाठी हवाय," असं सांगितलं की तिथले बंगाली मासेवाले समजूतदारपणे मान हलवतात आणि चांगला तुकडा काढून देतात. हे वाक्य त्यांनी बऱ्याच शाकाहाऱ्यांकडून ऐकलेलं असावं. २०२२ च्या अखेरीस नोएडा प्राधिकरणाने कुत्र्यामांजरांची नोंदणी सक्तीची केली आहे. काकांनी अर्ज तीनदा वाचून भरला. मुलाच्या शाळाप्रवेशाला एवढं केलं नव्हतं, इति काकू.

आणि मग सोसायटीची वार्षिक सभा. कुणीतरी ठराव आणला की कुत्री-मांजरं नकोत. काका उठले. इतक्या सभांत हा माणूस कोपऱ्यात बसून फक्त इतिवृत्त लिहायचा. आधी कुणाला कळेचना, हे पाणी मागताहेत की काय. काकांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं काढली: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. मंडळ कुठे आहे? लांब नाही, इथे बल्लभगढला. मग १९६०चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा. मग लिफ्ट. मग पाण्याची टाकी, जिचा मांजराशी संबंध नव्हता, पण ते मत बरीच वर्षं शिल्लक होतं. हिंदी अस्खलित, एक वाक्य अर्धवट नाही. सेक्रेटरी दोनदा घड्याळाकडे बघून बसले. ठराव बारगळला.

त्या भाषणाची आज कुठेही नोंद नाही. लिहून घेणारा माणूस उभा राहून बोलत होता, त्यामुळे इतिवृत्त खजिनदारांनी मागाहून लिहिलं आणि त्यात एकच ओळ आहे: "बिल्ली के विषय में चर्चा हुई." काकांनी दुरुस्तीसाठी लेखी पत्र दिलं आहे. ते विचाराधीन आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे सध्या आणखी दोन पिल्लं आहेत, एक बोका आणि एक भाटी, दोघांचं लसीकरण झालेलं. दोन्ही सकाळी पाचपासून केकाटतात. नोएडा-गाझियाबादकडे कुणाला हवी असतील तर दिवाळीच्या फटाक्यांआधी न्यावीत. घरात अबोल निवृत्त माणूस असेल, तर त्यांनी अवश्य हीच न्यावीत. मनीसारखं गप्प मांजर चुकूनही मागू नये.