बिलोलीत राहून लाइफ कोच कसे व्हाल?

बी.एड. झालंय, संस्थाचालकाने सांगितलेला आकडा ऐकून वडील गप्प झालेत आणि पोलीस भरती उंचीत हुकलीय? अभिनंदन! कोचचे सगळे गुण तुमच्यात आहेत. आजपासून याला अपयश म्हणायचं नाही, ‘माझा प्रवास’ म्हणायचं.

१. परवान्याची चौकशी करत बसू नका. बिलोलीत कृषी सेवा केंद्र टाकून कीटकनाशक विकायचं तर परवाना लागतो, शेतकीचं नाहीतर रसायनशास्त्राचं शिक्षण लागतं. माणसाच्या आयुष्यावर फवारणी करायला आपल्या देशात अजून असलं काही लागत नाही.

२. तरीही सर्टिफिकेट घ्या, भिंत मोकळी दिसते. सुरुवात ९९ रुपयांच्या वेबिनारने करा. तो संपता संपता खऱ्या कोर्सची फी कळते, आणि ती ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ निम्मी असते. धावपळ करू नका, उद्याही निम्मीच असते. वजनदार कागद हवा असेल तर अमेरिकेतल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनकडे वळा. त्यांच्या पहिल्याच श्रेणीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं, त्यातले ७५ तास मोबदला घेऊन. मन मोकळं करायचे बिलोलीत रोख पैसे कोण देणार, ही तुमची काळजी रास्त आहे. पण मोबदला किती याची अट नाही, वस्तूच्या रूपात घेतलेलाही चालतो. मामांना समोर बसवा, पायलीभर तूर घ्या, वहीत एक तास मांडा.

३. सल्ला देऊ नका. हे फार जड जाईल. आपल्याकडे बसस्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी न मागता तीन सल्ले मिळतात, तेही फुकट. तुम्ही पैसे घ्यायचे ते सल्ला न देण्याचे. फक्त प्रश्न विचारायचे. जॉन व्हिटमोर या इंग्रजाने, हा गडी आधी मोटारींच्या शर्यती मारायचा, १९९२ च्या आपल्या पुस्तकातून चार पायऱ्या गाजवल्या: ध्येय, वास्तव, पर्याय, इच्छाशक्ती. सराव असा करा:

‘सोयाबीन आता विकू का ठेवू?’

‘काका, तुम्हाला काय वाटतं?’

‘मला कळलं असतं तर तुझ्याकडं कामून आलो असतो?’

‘हा प्रश्न तुम्हाला पडतोय, हेच किती छान आहे!’

इथे गप्प बसा. काका चप्पल शोधायला लागले तर समजा, आत काहीतरी हललंय. पुढे भाव पडला तर निर्णय त्यांचा होता. चढला तर कोचिंग तुमचं. मांजरा नदीतल्या रेतीवाल्यांच्या नादी मात्र लागू नका. त्यांना चारही पायऱ्या पाठ आहेत, पर्याय तर विशेष.

४. वर्तुळ काढायला लावा. त्याचे आठ भाग करून ग्राहकाने आरोग्य, पैसा, नातीगोती, मौजमजा अशा प्रत्येक खान्याला दहापैकी गुण द्यायचे. मौजमजेपाशी पेन्सिल अडते. ‘यात माळेगावच्या म्हाळसाकांताची जत्रा धरायची का हो?’ असं विचारलं तर हो म्हणा. माळेगाव लांब आहे, पण गुण मिळू द्या गरिबाला.

५. पाटी लावा. नांदेड-लातूरच्या टापूत कोचिंगची पाटी दिसली की माणसं अकरावीतलं पोरगं घेऊन येतात आणि ‘नीटचं बघता का?’ म्हणून विचारतात. नाही म्हणू नका, बापालाच बसवा. त्याच्या आयुष्यात जास्त गडबड आहे. तेलंगणाची हद्द शेजारीच आहे, तेव्हा एकदा बोधनला जाऊन कुणालातरी चहा पाजा आणि ‘आंतरराज्य कोच’ लिहायला मोकळे व्हा.

६. इतकं करूनही ग्राहक येणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, धंद्याची खरी वाट इथूनच सुरू होते. कोचिंग करू नका, कोच तयार करा. ही युक्ती बिलोलीची नव्हे. फेडरेशन १९९५ साली ज्याने उभी केली त्या थॉमस लिओनार्डने तीन वर्षं आधीच कोच घडवायची शाळा काढली होती. तुम्हाला कोच करणाऱ्या सरांचं तरी दुसरं उत्पन्न काय होतं, जरा आठवून बघा.

तेव्हा बॅच काढा, फोटोत हात बांधून उभे राहा आणि फी सगळी आगाऊ घ्या. हप्ते चुकूनही देऊ नका, कारण हुशार विद्यार्थी कोर्स संपायच्या आत नरसी फाट्यावर स्वतःची बॅच काढतो.