निघाला का?

सदऱ्याचं माप घेता घेता शिंपी थांबला. टेप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेली, परत आणली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शेताचा बांध सरकल्याचं सांगताना तलाठी लावतो तसल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमचा उजवा खांदा बोटभर उतरलाय. कॉलर एकीकडंच ओढणार." गेली वीस वर्षं ताडकळसमध्ये माझे सदरे तोच शिवतो, म्हणजे माझ्या खांद्यांचा सातबारा त्याच्या वहीत आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी नुसतं टेबलावर काढून ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने उत्तरादाखल कात्रीने वाकडा झालेला आपला अंगठा दाखवला. प्रत्येक धंदा माणसाच्या अंगावर कुठेतरी सही करून ठेवतो. माझ्या धंद्याने जागा जरा वरची निवडली होती, एवढंच.

घरी जाताना किराणा दुकानात थांबलो आणि तो कॅमेरा काट्यावर ठेवला. बॉडी आणि तिच्या तोंडाशी कायमची बसलेली झूम लेन्स मिळून पावणेदोन किलो. दुकानदाराने आकडा गंभीरपणे वाचला, सवयीने पिशवीकडे हात नेला आणि मग ओशाळून मागे घेतला. पावणेदोन किलो म्हणजे तसं काहीच नाही. आमच्याकडे सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन चालणारी माणसं आहेत. पण पोतं उतरवतात. कॅमेरा मी हळदीपासून वरातीपर्यंत उतरवला नव्हता, आणि पूर्णा तालुक्यातली लग्नसराई ऐन वैशाखात असते, जेव्हा गळ्यातला ताईतही जड वाटतो.

खरं सांगायचं तर ते ओझं मला आवडत होतं. मांडवात शिरलो की गर्दी आपोआप दुभंगायची. "सरका रं, फोटूवाल्याला येऊ द्या," असं कुणीतरी म्हणायचं आणि नवरदेवाचे काका, जे एरवी कुणासाठी सरकत नाहीत, तेही सरकायचे. ती वाट माझ्यासाठी नसून त्या काळ्या, लांब तोंडाच्या वस्तूसाठी आहे, हे मला ठाऊक होतं. नंदीबैलवाल्यालाही ठाऊक असतं की पोरं धावतात ती बैलामागे. तरी मानाचा सुपाएवढा वाटा तो आपल्याकडे ठेवून घेतोच.

शिवाय या जडपणाला आमच्या मुलखात घराणं आहे. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा सर्वांत मोठा छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. काचेच्या प्लेटा, पेटीएवढा कॅमेरा, तिवई आणि डोक्यावरून घ्यायचं काळं कापड एवढा संसार घेऊन त्यांनी इमारती, लेणी आणि दरबार टिपले. सहाव्या निजामाने त्यांना पदवी दिली ती 'मुसव्विर जंग'. मुसव्विर म्हणजे चित्रकार आणि जंग म्हणजे लढाई. तेवढं सामान बैलगाडीत चढवायचं आणि उतरवायचं म्हटल्यावर पदवीत लढाई यायचीच. पुढे मला कळलं की या घराण्यात परदेशात एक बंडखोरही होऊन गेला. ऑस्कर बार्नाक हा जर्मन गृहस्थ दम्याचा रुग्ण होता. डोंगरात फिरायची हौस होती, पण जड कॅमेरा घेऊन चढ चढताना धाप लागायची. म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा मुठीत मावेल असा कॅमेरा घडवला. तोच १९२५ मध्ये लायका नावाने बाजारात आला. जगातले बरेच शोध महत्त्वाकांक्षेने लावले असतील, हा एक मात्र धाप लागल्याने लागला. त्याच्या छातीला आणि माझ्या खांद्याला मी मनातल्या मनात भाऊ-भाऊ केलं आणि छोटा कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

छोटा म्हणजे मिररलेस. ज्यात आरसा नाही असा. हे मी घरी सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, कॅमेऱ्यातला एक भाग काढून घेऊन कॅमेरेवाला मला फसवतोय. त्यांना समजावताना मलाही माझा जुना कॅमेरा पहिल्यांदा नीट समजला. त्यात लेन्सच्या मागे एक आरसा तिरका टेकलेला असतो. बाहेरचा उजेड त्यावर पडतो, वर जातो, पंचकोनी काचेत उलटसुलट होतो आणि डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा झटकन वर उडतो, मागचा पडदा उघडतो-मिटतो, आणि आरसा पुन्हा जागेवर येऊन बसतो. या उठबशीचा तो आवाज, खटाक! पूर्वी तर आरसा वर गेला की वरच राहायचा. रीळ पुढे सरकवेपर्यंत फोटोवाला अंधारात. तो आपोआप खाली यायची सवय जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये रुळवली. पाळण्याला झोका घ्यायला घरात मोकळी जागा सोडावी, तशी या एका आरशासाठी अख्ख्या कॅमेऱ्यात जागा सोडलेली असते. निकॉनच्या जुन्या जातीत लेन्सची बैठक फिल्मपासून साडेशेहेचाळीस मिलिमीटर दूर आणि २०१८ मध्ये आलेल्या बिनआरशाच्या जातीत फक्त सोळा. पाळणा काढला आणि घराची ओसरी झाली. आता उजेड सरळ सेन्सरवर पडतो आणि जे पडेल ते मागच्या स्क्रीनवर दिसतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे आपल्या आज्या कधीपासून सांगत होत्या. कॅमेरेवाल्यांना ते पटायला २००८ साल उजाडावं लागलं.

पण हे सगळं समजून घेताना एक गोष्ट अशी हाती लागली की त्या रात्री मला झोप आली नाही. आरसा वर जातो तेव्हा डोळ्यापुढे अंधार होतो. फार नाही, सेकंदाचा दहावा हिस्सा. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटोवाल्याला दिसत नाही. त्याच्या आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. भटजी शेवटचं 'सावधान' म्हणतात, अंतरपाट खाली जातो, आणि त्याच क्षणी माझ्या कॅमेऱ्यात आरसा वर जातो. तिकडे दोघांमधला पडदा सरला आणि इकडे माझ्या डोळ्यापुढे आला. इतकी वर्षं मी लोकांना हा क्षण अल्बममध्ये चिकटवून देत आलो आणि स्वतः एकदाही पाहिला नव्हता. मी वहीवर हिशोब मांडला. आजवर दोन लाख फोटो तरी काढले असतील. प्रत्येकाचा दहावा हिस्सा धरला तर वीस हजार सेकंद, म्हणजे साडेपाच तास. माझ्या आयुष्यातले सगळ्यात निवडक, सगळ्यात सजलेले, अक्षता अंगावर घेतलेले साडेपाच तास मी डोळ्याला डोळा लावून अंधारात काढले होते. आचाऱ्याला पंगतीतल्या जेवणाची चव विचारू नये म्हणतात, ते खरं असावं.

नवा कॅमेरा आला. लेन्ससकट साडेपाचशे ग्रॅम. दुकानदाराने या वेळी काट्यावरचा आकडा पाहून, "बस्स?" एवढंच विचारलं. पहिल्याच लग्नात मी तासभर फोटो काढले आणि मग वरबाप जवळ येऊन काळजीच्या सुरात म्हणाले, "फोटूवाले कधी येणार हो? मुहूर्त जवळ आला." मी हातातली वस्तू वर करून दाखवली. त्यांनी ती पाहिली, मला पाहिलं, आणि ठरल्या बिदागीतून काही कमी करता येईल का, हा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटला. मांडवातली वाट बंद झाली होती. माझ्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा मोबाइल घेतलेला एक पोरगा मला कोपराने सरकवत म्हणाला, "काका, जरा बाजूला, व्हिडिओत येऊलालाव."

मग मी केलं ते सांगायला लाज वाटते. पुढच्या लग्नापासून जुना कॅमेरा पुन्हा गळ्यात अडकवला, बॅटरी न घालता. नवरदेवाला जसं बाशिंग, तसं फोटोवाल्याला ते. लोक सरकू लागले, वरबाप निश्चिंत झाले, आणि मी त्या मेलेल्या कॅमेऱ्याच्या आडून जिवंत कॅमेऱ्याने फोटो काढू लागलो. ओझं कमी करायला निघालेला माणूस आता पावणेदोन किलो अधिक साडेपाचशे ग्रॅम वागवत होता. शिंप्याला हे सांगायची माझी छाती नव्हती. त्याने मात्र नवा सदरा देताना उजवा खांदा मुकाट्याने बोटभर खाली घेतला होता, आणि तो मला अगदी बरोबर बसला.

मात्र एका दुपारी अंतरपाट खाली जाताना मी छोटा कॅमेरा छातीशी धरला, मागची स्क्रीन वर वळवली, चौकट एकदा बघून घेतली आणि डोळे उचलून समोर पाहिलं. अंतरपाट गेला तेव्हा नवरी नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती अंतरपाट धरणाऱ्या आपल्या मामाच्या थरथरत्या हाताकडे बघत होती, आणि तो हात तिच्याकडे न बघता अंतरपाटाची घडी घालत होता, कितीतरी काळजीने, जणू तो पुढेही कधी लागणार आहे. किती लग्नांत हे घडून गेलं असेल, माझ्या अंधारात.

या कॅमेऱ्याची खरी परीक्षा मोठ्या आत्याने घेतली. दर दोन वर्षांनी ती माझ्याकडून एक फोटो काढून घेते, हारासाठी. आपण गेल्यावर भिंतीवर कोणता फोटो लागावा, याची निवड तिला दुसऱ्याच्या हाती सोडायची नाही. आधीचा फोटो चांगला असूनही ती नवा का काढते, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "त्या फोटूत मी लई तरणी दिसते. लोक म्हनतील, अकाली गेली." तर ती अंगणात खुर्चीवर बसली. पदर नीट, कुंकू नीट, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि श्वास रोखलेला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने अंधुक दिसतं. त्यामुळे फोटो निघाल्याचं तिला कानांनीच कळायचं. खटाक झालं की ती श्वास सोडायची. या कॅमेऱ्यात आरसा नाही, पडद्याचा आवाज मुंगीच्या शिंकेएवढा, आणि मी हौसेने तोही बंद ठेवला होता. मी एक, दोन, तीन फोटो काढले. आत्या तशीच. चेहरा तांबडा होऊ लागला तेव्हा मी घाबरून म्हणालो, "आत्या, श्वास सोड!"

"निघाला का?"

"निघाला की कधीचाच."

"मग वाजना कामून?"

मी आरशाची सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आरसा नाही, आवाज नाही. मग मानसाला कळावं कसं, आता मोकळं व्हायचं म्हनून?"

हे कॅमेऱ्याच्या कोणत्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नाही. तो खटाक माझ्यासाठी नव्हताच. तो समोर बसलेल्यासाठी होता: झालं, आता तू पुन्हा तू हो. शाळेची घंटा मास्तरांसाठी थोडीच वाजते! मी तिला पुन्हा बसवलं, फोटो काढला आणि टाळूला जीभ लावून जमेल तितक्या जाडसर आवाजात म्हटलं, "खट्." आत्याने श्वास सोडला. खांदे उतरले, गुडघ्यांवरचे हात सैल झाले, पदर घसरला, आणि तोंडावरून साऱ्या हारांची तयारी पुसली जाऊन तिथे माझी आत्या येऊन बसली. कैरी चोरताना धरल्यावर रागवायच्या ऐवजी मीठ-तिखट आणून देणारी. कॅमेरा अजून माझ्या हातात होता. मी आवाज न करता आणखी एक फोटो काढला.

दोन्ही छापून नेले. तिने ते डोळ्यापाशी धरले, उजेडाकडे वळवले आणि बराच वेळ पाहिले. मग श्वास रोखलेला फोटो वेगळा काढून म्हणाली, "हाराला हा. ह्यो दुसरा नको. भितीवर टांगलेल्या बाईनं असं हसू नाही, लोक हार घालायला भितील." दुसरा मात्र तिने परत दिला नाही, उशीखाली सरकवला.

त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली. जुना कॅमेरा आता कपाटात असतो. म्हातारी माणसं समोर बसली की मी जिभेने वाजवतो आणि खरा फोटो त्यानंतर काढतो. गावात माझं हे गुपित आजवर कुणाला कळलेलं नाही, असं मी समजत होतो. परवा आत्याच्या नव्या फोटोची वेळ आली. ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, श्वास घेतला. मी कॅमेरा उचलला आणि नेमकी त्या वेळी तोंडात सुपारी असल्यामुळे आवाज काही निघेना. आत्या थोडा वेळ थांबली. मग ओठ न हलवता, पोझ जराही न मोडता, पुटपुटली,

"थुकून ये सुपारी. अन् वाजीव की रं."