लिंबूटिंबू

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हातातून मोबाइल काढून घ्यायचा, तर त्या हातांत दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. मी फासा ठेवला. मोठी साडेपाच वर्षांची, धाकटा तीनचा. "मुलांना हार पचवता आली पाहिजे," असं मी घरात जाहीर केलं. आई कैरी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकव. तुला जमलं की मलाही सांग."

मी दुर्लक्ष केलं आणि सापशिडी उघडली. पोरांसाठी हा खेळ उत्तम, कारण त्यात डोकं लागत नाही. बारावीपर्यंत गणित घेतलेला बाप आणि एकोणतीसनंतर वीस-दहा म्हणणारी लेक त्या पटावर अगदी तोलामोलाचे. शिवाय संस्कार फुकट. आपल्याकडचा जुना मोक्षपट म्हणजे हाच खेळ. त्यात सापांना दुर्गुणांची नावं, शिड्यांना सद्गुणांची आणि सगळ्यात वर मोक्ष. पुढे हा पट विलायतेला जाऊन आला, तेव्हा मोक्ष तिकडेच राहिला आणि साप तेवढे परत आले.

मी ठरवलं, आपण तो मूळपदावर आणायचा. "हा ९८वरचा साप म्हणजे राग बरं का," मी म्हणालो. "माणूस रागावला की धाडकन खाली येतो."

तिसऱ्या डावात मोठी नेमकी त्याच घरात गेली.

"मी नाही खाली जाणार."

"अगं, साप आहे तिथे."

"पण मी रागावलेच नाहीये. मग तो मला का गिळेल?"

प्रश्न बिनतोड होता. मी तो सोडवायचा प्रयत्न केला, मग समजावलं, मग आवाज चढवला, "नियम म्हणजे नियम!" तिने माझी सोंगटी शांतपणे उचलली आणि सापाच्या तोंडात ठेवली. म्हणाली, "आता तू जा."

सापशिडी माळ्यावर गेली. ल्यूडो आला.

ल्यूडोत ६ पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर पडत नाही. आपल्या पचिशीतल्या कवड्या काढून, फासा आणून १८९६ साली इंग्लंडात या खेळाचं पेटंट घेतलं गेलं. घेणाऱ्याच्या घरी पाच वर्षांचं मूल नसावं. दहा वेळा फासा टाकूनही ६ न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते, म्हणजे साधारण दर सहा मुलांमागे एक भोकाड. मोठीने अकराव्यांदा फासा टाकला, २ पडले, आणि ते भोकाड आमच्या वाट्याला आलं. मी तिला शक्यतेचा सिद्धांत समजावू लागलो. आवाज वाढला.

मग नियमांत सवलती सुरू झाल्या. १ पडला तरी सोंगटी बाहेर. मग ५ पडले तरी बाहेर. शेवटी रडलं तरी बाहेर. धाकट्याला फासा टाकायचीही गरज उरली नाही. तो तसाही लिंबूटिंबू होता. वाटेल तिकडे सोंगटी पळवायचा, मध्येच ती तोंडात घालायचा, आणि त्याला कुणी मारायचं नाही हे ठरलेलं.

सवलतींनीही भागेना, तेव्हा मी मुद्दाम हरू लागलो. हे वाटतं तितकं सोपं नाही. तिची सोंगटी टप्प्यात असली की आपली दुसरीच पुढे काढायची आणि वर कपाळावर हात मारायचा. आठवडाभर मी असा कपाळ लाल होईपर्यंत हरलो. घरात शांतता नांदली. मुलगी घडतेय, असं मला वाटलं.

एका दुपारी आईने फरशीवर खडूने पंचवीस घरांचा पट आखला, फुल्या मारल्या आणि दोन चिंचोके फोडून चार फाकी केल्या. चारही पांढऱ्या पडल्या तर ४, चारही काळ्या पडल्या तर ८. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, शेंगांची टरफलं, खडे. आणि नियम असा, की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. आईने दुसऱ्याच फेरीत नातीला मारलं. मोठीने ओठ काढला. आईने लगेच तिची दुसरीही मारली.

"आई, लहान आहे ती!"

"म्हणून तर आत्ताच मारते. पुढच्या वर्षी सापडायची नाही."

पोर रडली, पट उधळून गेली, आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आधी चिंचोके घेऊन आजीपुढे बसली. मी माझा ल्यूडो पुढे केला.

"नको. तुझ्याबरोबर मजा येत नाही, बाबा. तू हरतोसच."

चौथ्या दिवशी तिने आजीची सोंगटी मारली आणि असा काही आरडाओरडा केला, की खालच्या मजल्यावरचे काका विचारपूस करायला वर आले. माझ्या आठवडाभराच्या पराभवांत असा आवाज एकदाही निघाला नव्हता.

मग मीही पटावर उतरलो, या वेळी खरा खेळायला. सलग सहा डाव हरलो. सातव्यात आईने माझी सोंगटी शेवटच्या घराच्या तोंडाशी मारली, तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, की चिंचोके नीट फुटलेले नाहीत, एका बाजूला कलंडतात, आणि खेळ मुळापासून पुन्हा सुरू झाला पाहिजे. स्वयंपाकघरातून बायको बघायला आली. आईने नातीकडे पाहिलं. मोठीने जरा विचार केला, माझा हात धरून मला खाली बसवलं आणि निकाल दिला, "आजी, बाबा आजपासून लिंबूटिंबू. त्याला मारायचं नाही."

धाकट्याला त्याच दिवशी पक्क्या खेळाडूची बढती मिळाली. घरात जागा एकच होती.

तो डाव मी जिंकलो. कुणी मोजला नाही.