झाकली पुडी सव्वा लाखाची

शेकोटीभोवती दहा माणसं जमली की त्यांतला एक स्वयंपाक करतो आणि उरलेले नऊ तो कसा करायचा ते सांगतात, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. पातेल्यावरचं झाकण उचलण्यासाठीच असतं, अशी आपली ठाम समजूत. येणारा-जाणारा ते उचलतो, वाफ तोंडावर घेतो, डाव फिरवतो आणि "मीठ जरा बेताचंच दिसतंय" असं पुटपुटत चिमूटभर मीठ टाकून निघून जातो. चार सुज्ञ माणसं येऊन गेली की भाजी खारट होते आणि दोष करणाऱ्याच्या माथी येतो. पवना धरणाच्या काठी तंबू ठोकणारी मंडळी हल्ली भाज्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांवर ठेवतात. कारण विचारलं तर भांडी घासायला नकोत, ओझं कमी, असं सांगतात. ही कारणं खरी असली तरी दुय्यम आहेत. फॉइल उष्णता आत ठेवते, त्याहून कितीतरी चोखपणे ती सल्ला बाहेर ठेवते. तिचा खरा उपकार हा.

या विधानाला पदार्थविज्ञानाचा आधार आहे. पुडी बांधतात ती अशी: फॉइलचा दुहेरी तुकडा, तळाला कांद्याच्या जाड चकत्या, म्हणजे करपायचंच झालं तर आधी कांदा करपेल. त्यावर बटाट्याच्या पातळ कापट्या, गाजर, पनीर, तिखट-मीठ आणि लोण्याचा गोळा. दोन्ही कडा वर आणून दोन-तीन घड्या घालायच्या, पण आत थोडी जागा सोडायची. ज्वाळा विझून निखारे फुलले की पुडी त्यांवर ठेवायची. भाज्यांमधल्या पाण्याची वाफ होते, पुडी टम्म फुगते आणि त्या वाफेवरच सगळं शिजतं. मधेच कुणी पुडी उघडली तर वाफ जाते आणि बटाटा कच्चा राहतो. म्हणजे "जरा बघू तरी" म्हणणाऱ्याला इथे निसर्गनियमच अडवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना गप्प करणं स्वयंपाक्याला कधी जमलेलं नाही. वाफेला ते जमतं, कारण तिला कुणाचा मान राखायचा नसतो.

अर्थात सल्ला देणारा हार मानत नाही. आत जाता येत नाही म्हटल्यावर तो बाहेरून सुरुवात करतो: चकचकीत बाजू आत हवी की बाहेर? या प्रश्नावर दोन तट पडतात आणि दोन्हींकडे इंजिनियर असतात. खरी हकिगत साधी आहे. कारखान्यात फॉइल शेवटच्या फेरीत इतकी पातळ होते की दोन पत्रे जोडूनच रुळांमधून काढावे लागतात. रुळांना लागलेल्या बाजू चकाकतात, एकमेकींना चिकटलेल्या मंद राहतात. शिजण्यात त्याने काही फरक पडत नाही. मात्र हे सत्य स्वयंपाक्याने लगेच सांगू नये. वाद रंगला की वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, आणि पातळ कापलेल्या बटाट्याला साधारण तेवढीच लागतात.

यावर रायगडकडचे लोक म्हणतील, यात नवल ते काय? आमची पोपटी आहेच की! आक्षेप रास्त आहे. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा आणि खडेमीठ भरायचं. मग पाल्यानेच तोंड गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही आत घालायचा नाही. झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र वाजलं की झाली. पण या आक्षेपाने माझाच मुद्दा पक्का होतो. ज्या मडक्यात डोकावताच येत नाही, ते रायगडच्या शेतकऱ्याने उगाच उपडं घातलेलं नाही. त्यालाही शेजारी होते. भांबुर्डा शेंगांना आपला वास देतो आणि फॉइलपाशी देण्यासारखं काही नाही, हे मात्र कबूल करायला हवं. तिची जमेची बाजू एवढीच की मडकं सगळ्यांचं एक असतं आणि पुडी ज्याची त्याची. तिखट जास्त झालं तर ते ज्याने घातलं त्यालाच खावं लागतं. सार्वजनिक जीवनात असा न्याय सहसा पाहायला मिळत नाही.

दुसरा आक्षेप खवय्यांचा: हे भाजणं नव्हेच, शेकोटीवर बसून केलेलं उकडणं आहे. बरोबर आहे. आत पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं आणि खमंग तांबूस रंग यायला त्याहून बरंच जास्त लागतं. ज्यांना तो हवा त्यांनी वांगं उघड्या निखाऱ्यावर भाजावं आणि भरताविषयी नऊ जणांची मतं ऐकण्याची तयारी ठेवावी. तिसरा आक्षेप प्रकृतीचा. आंबट पदार्थांत ॲल्युमिनियम थोडंफार उतरतं, हे खरं. तेव्हा टोमॅटो, चिंच, आमसूल पुडीत नको; लिंबू पिळायचं ते ताटलीत. चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आणि त्याला माझ्याकडे विनोदी उत्तर नाही: फॉइल कुजत नाही आणि साध्या शेकोटीत तिची राखही होत नाही. निखाऱ्यांत टाकलेल्या पुडीचे तुकडे होतात आणि ते मातीत तसेच राहतात. वापरलेली फॉइल चुरगळून पिशवीत घालून घरी न्यायची नसेल तर हा सगळा युक्तिवाद मी मागे घेतो. गडावर आणि वाळल्या गवतात तर शेकोटीच नको. तिथे घरची भाकरी आणि ठेचा न्यावा.

फॉइलने सल्ले संपतील असं समजणं मात्र भाबडेपणाचं होईल. पुडी उघडली की "आणखी पाच मिनिटं ठेवायला हवी होती" हे वाक्य येणारच. फरक एवढाच की आता ते शिजण्याच्या आड येत नाही. आधी दिलेला सल्ला भाजी बिघडवतो; नंतर दिलेला सल्ला ही समीक्षा असते, आणि समीक्षेने आजवर कुठलाही बटाटा कच्चा राहिलेला नाही.