फोरबायफोरराव

होसूर रस्त्यालगत, आनेकल तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत निदान एक फोरबायफोरराव असतोच. मूळ गाव सांगलीकडचं, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि तळघरात सव्वापाच मीटर लांबीची पिकअप. तिचं नाक पार्किंगच्या पट्ट्याबाहेर आलेलं असतं. त्यावरून सोसायटीच्या सभेत दरवेळी भांडण. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस भारतात आली, २०२२ साली टोयोटाची हायलक्स, आणि ही जमात वाढत गेली. हायलक्स तर इथून जवळच, बिडदीला जुळवली जाते.

राव चंदापूरला कोथिंबीर आणायला निघाले तरी आधी खटका फिरवून गाडी 'फोर हाय'ला, म्हणजे चारही चाकं ओढतील अशी, टाकतात. कोरड्या डांबरावर! वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पण या गाडीला मधला डिफरेन्शियल नसल्यामुळे फोर हायमध्ये दोन्ही आसांना एकाच गतीने फिरणं भाग पडतं. मग तळघराच्या वळणावर गाडी हिसके देते, टायर किंचाळतात आणि राव अभिमानाने म्हणतात, "ग्रिप बघा, ग्रिप!" त्या 'ग्रिप'पायी टायर झिजतात, ट्रान्सफर केसवर ताण येतो. शेजारच्या सीटवरच्या वहिनींनी केव्हाच डोळे मिटलेले असतात.

पावसात फोर हाय लावलं की ब्रेकही जास्त लागतात, ही रावांची आणखी एक श्रद्धा. अहो, ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना लागतात, हे सांगून मी आमची मैत्री जवळजवळ संपवली होती.

मागच्या हौद्यावर झाकण, आत टाचणीसुद्धा नाही. रिकाम्या पिकअपचं बूड हलकं असतं, आणि टू हायमध्ये ओढणारी चाकं मागचीच, त्यामुळे ओल्या मातीत ती जागच्या जागी गरगरतात. नाचणीची दोन पोती टाकली तर पुष्कळ फरक पडेल. पण रंगावर ओरखडा उठेल ना!

सप्टेंबरच्या पावसात राव मुत्याल मडुवूच्या वाटेवर एका शेतरस्त्यात शिरले. फोर हाय चिखलात उतरायच्या आधी लावायचं असतं. नेमक्या त्या घटकेला, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा खरी गरज पडली तेव्हा, राव व्हिडिओसाठी काचेला फोन चिकटवत होते. गाडी टू हायमध्येच राहिली आणि रुतली. मग फोर लो, म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त जोराने ओढणारी. त्यासाठी गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये आणावी लागते. थांबण्याचा प्रश्न चिखलाने आधीच मिटवला होता. पण तोवर गाडीचं पोटच लाल मातीवर टेकलेलं. चारही चाकं फिरली, वहिनींच्या साडीपर्यंत चिखल उडाला, गाडी तसूभर हलली नाही.

शेवटी एक शेतकरी जुना ट्रॅक्टर घेऊन आला. त्याची मागची दोनच चाकं ओढणारी. दोर बांधता बांधता त्याने विचारलं, "फोर व्हीला सार?"

राव म्हणाले, "यस."

तुम्हीही अशी गाडी घेणार असाल, तर जरूर घ्या. फक्त बुकिंगच्या आधी त्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर माझ्याकडून घेऊन ठेवा.