श्री. पोपडे यांचे जाहीर अभिनंदन

प्रति,
श्री. पोपडे,
मुक्काम : हॉलची पश्चिमेकडची भिंत, टीव्हीच्या मागे,
मुंबई, ठाणे आणि अवघी कोकणपट्टी.

स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली आहे. घरोघरी रंगाची शेडकार्डे उघडली गेली आहेत आणि आपल्या पुनरागमनाची तयारी घरमालकांनी यंदाही स्वखर्चाने सुरू केली आहे. ज्यांच्या अथक परिश्रमांमुळे आपले कूळ टिकून आहे, त्यांची दखल घेण्यासाठी आणि आपल्या अभिनंदनासाठी हे पत्र.

पहिला मान मुहूर्ताचा. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो येतो नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना सर्वाधिक मार बसतो. विटा आणि गिलावा हे पाणी पोटात घेतात व पुढे कितीतरी आठवडे सावकाश सोडत राहतात. भिंत खरी सुकते ती फेब्रुवारी ते मेमध्ये. पण तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात, लग्ने असतात, गावाला जायचे असते. मग रंगाऱ्याला बोलावणे जाते ते घटस्थापनेला. वसुबारसेपर्यंत बादल्या घराबाहेर गेल्याच पाहिजेत, अशी तंबीही मिळते. ओल्या भिंतीवर इमल्शनचे दोन हात चढतात, आतले पाणी आतच कोंडते आणि आपली सोय होते.

आपली वाढ होते तीही शिस्तीत. भिंतीतले पाणी विटा, सिमेंट आणि न धुतलेल्या खाडीच्या रेतीतले क्षार विरघळवते. पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून जाते, क्षार मागे राहतात. हाच तो पांढरा खार. त्याचे स्फटिक रंगाच्या थरामागे वाढू लागले, की रंग फुगतो, तडकतो आणि सोफ्यावर पडतो. नव्या घरांत आपल्याला आणखी एक मदतनीस लाभतो. ताज्या सिमेंटचा सामू 12 ते 13 इतका चढा असतो आणि ऑइल पेंटमधल्या तेलाचा तो चक्क साबण करून टाकतो. नव्या गिलाव्याला निदान 28 दिवस तरी द्यावेत असे सांगितले जाते. गृहप्रवेशाची पत्रिका मात्र आधीच छापून आलेली असते.

आता आपले मानकरी. जुना चुना किंवा भुकटी सुटणारा डिस्टेंपर न खरवडता त्यावरच नवा रंग ओढणारे. गुळगुळीत ऑइल पेंट न घासता त्यावर इमल्शन चढवणारे. डबा पुरावा म्हणून रंगात वाजवीपेक्षा जास्त पाणी घालणारे. ओल येणाऱ्या भिंतीला पीओपीचा जाड थर देणारे. पीओपी म्हणजे जिप्समच. सततच्या ओलीत ते मऊ पडते. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी गट्टू रेखाटला, तेव्हा त्याच्या हाती डबा आणि ब्रश दिला. खरवडायचा पत्रा आणि पॉलिश पेपर नाही. गिऱ्हाइकांनी तेच चित्र प्रमाण मानलेले दिसते.

सोसायटीच्या कमिटीचेही ऋण मोठे. गळती वरच्या फ्लॅटची की सोसायटीची, यावर सभांमागून सभा होतात आणि तोवर आपण छतापर्यंत पोचता. खरे तर राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी स्पष्ट आहे. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, सिंक यांसारखी घरातली गळती त्या सदस्याने. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरला 30 दिवसांत, विनामूल्य दूर करावा लागतो. ही कलमे कोणी सभेत वाचून दाखवणार नाही, एवढीच प्रार्थना करावी.

मात्र आपल्या जिवावर उठलेले काही लोकही आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे.

हे लोक आधी रंगाच्या दुकानात जात नाहीत. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात आणि दिवसभर थांबतात. थेंब आतल्या बाजूला जमले, तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. दुसऱ्या प्रकारात ते खिडकी उघडतात, एक्झॉस्ट फॅन लावतात. पहिल्या प्रकारात बाहेरची भेग, गच्ची, पाइपचा सांधा आणि छज्ज्याखालची खोबण तपासतात. ती खोबण बुजली असेल, तर पाणी थेंब होऊन न गळता भिंतीकडे सरकते. पाया पाणी ओढत असेल, तर आतून वॉटरप्रूफ रंग मारून भागत नाही, ओल आणखी वर चढते, हेही त्यांना ठाऊक असते.

भिंत सुकली की त्यांचा पत्रा चालू होतो, आणि सुटलेल्या कडेवर न थांबता घट्ट रंग लागेपर्यंत चालतो. ठोकून पोकळ वाजणारा गिलावा ते काढून टाकतात. खार कोरड्या ब्रशने झाडतात. धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. मग प्रायमर, पुट्टीचे पातळ हात, घासकाम, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंग. गंजलेल्या ग्रिललाही ते आधी गंज काढून रेड ऑक्साइड लावतात.

अशा वेळी आपल्याकडे उरते ती धूळ. घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. म्हणून ही मंडळी जुना रंग ओला करून घासतात, मास्क लावतात, लहान मुलांना आणि गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवतात आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपतात.

आपले जुने वैरी तर कोकणातच होते. उतरते छप्पर, रुंद पडवी, पावसाच्या अंगाला बांधलेले झाप आणि वाफ बाहेर जाऊ देणारा चुना. सुदैवाने सपाट गच्च्या आणि छज्जा नसलेल्या खिडक्या आल्या आणि आपल्याला मोकळे रान मिळाले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हितचिंतक

ता. क. हे पत्र चुकून घरमालकाच्या हाती पडल्यास : या दिवाळीला भिंत पुसून घ्या, दारात तोरण लावा, रंगाऱ्याला फेब्रुवारीची तारीख द्या, आणि त्याआधी पाणी कुठून येते ते शोधून बंद करा.