ब्रिटन बुद्रुक

ब्रिटनचा भूगोल निदान मुळशीकरांना तरी अवघड जाऊ नये. आमच्या तालुक्याचं नाव मुळशी, पण तहसील कचेरी पौडला. मुळशी शोधायला जावं, तर किती जुनी गावं धरणाच्या पोटात. हिंजवडी कागदोपत्री आमची, पण तिथल्या कंपन्या पत्ता सांगतात पुण्याचा. एवढा सराव असूनही इंग्लंड, ब्रिटन आणि यूके म्हटलं की आमची गाडी घसरतेच.

मध्ये फाट्यावर फ्लेक्स लागला होता. 'लंडन येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' पोरगा आयटीतला, कंपनीने धाडला होता कार्डिफला. म्हणजे वेल्सच्या राजधानीत. त्याच्या चुलत्यांना म्हटलं, "आबा, ते लंडन नव्हे." आबा म्हणाले, "असंना का, साहेबाचाच मुलूख ना सगळा?"

खरं तर ग्रेट ब्रिटनमधलं 'ग्रेट' मोठेपणा मिरवायला नाही. खाडीपलीकडे फ्रान्सात ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, त्याच्याशी गल्लत नको म्हणून हे थोरलं. जसं कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक. सव्वाशे वर्षं आपण एका बुद्रुकला महान समजून दबून राहिलो!

या बुद्रुक बेटावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. त्यात शेजारच्या आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा तुकडा मिळवला की यूके. त्यामुळे बेलफास्टचा माणूस यूकेत राहतो, पण ग्रेट ब्रिटनमध्ये नाही. मधल्या समुद्रातलं आइल ऑफ मॅन दोन्हींत नाही. त्याचा सातबारा वेगळा, इतर हक्कांत मात्र राजाचं नाव. क्रिकेटचं तर विचारूच नका. इंग्लंडच्या संघाचं बोर्ड इंग्लंड आणि वेल्स दोघांचं, म्हणून इंग्लंडचे घरचे सामने कार्डिफलाही होतात. स्कॉटलंड वेगळं खेळणार. आणि आयर्लंडचा संघ दोन देशांत वाटल्या गेलेल्या अख्ख्या बेटाचा.

जुन्या पिढीने हा सगळा घोळ 'विलायत' म्हणून एका घासात गिळला होता. सेनापती बापट शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला विलायतेला गेले, एवढंच आम्ही ऐकलेलं. 1904 साली ते गेले एडिंबराला, म्हणजे स्कॉटलंडात. तिथे त्यांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध तोंड उघडलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे 1921 च्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्या लढ्याने बापटांना 'सेनापती' केलं.

धरण व्हायचं ते झालंच. आता मुळा नदी वाहते पूर्वेला पुण्याकडे, पण धरणाचं पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्याला वीज करतं आणि अरबी समुद्राची वाट धरतं. मुळशीचं पाणी, मुळशीत नसलेली मुळशीची कचेरी आणि पुण्याची म्हणवणारी हिंजवडी, हे सारं एखाद्या स्कॉटिश पाहुण्याला समजावायची वेळ आलीच, तर आधी त्याला पौडला नेऊन कडक चहा पाजीन म्हणतो.